झुंबराचं वजन कोण ओढणार? पुण्यातल्या गेम-डिझाइन शिक्षकांना आणि परीक्षकांना खुलं पत्र

सन्माननीय शिक्षक आणि परीक्षकहो,

सप्रेम नमस्कार.

गेम डिझाइन आणि थ्रीडी मॉडेलिंग शिकवणाऱ्या संस्था आता पुण्यात लोणी काळभोरपासून विमाननगरपर्यंत आहेत. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या वर्गात दरवर्षी अंतराळयानाची एक तरी असाइनमेंट असते. त्या असाइनमेंटबद्दल माझी एक विनंती आहे. देखणं रेंडर, म्हणजे कॉम्प्युटरने काढलेलं तयार चित्र, मागण्याआधी मुलांकडून त्या जहाजाचा मजलेवार नकाशा मागा, आणि गुण देताना त्या नकाशाला रेंडरइतकंच महत्त्व द्या.

मी पेशाने बसच्या अंतर्भागाची डिझाइनर आहे. चाकण पट्ट्यात काम करते. अंतराळातल्या गेम कॉलेजात असल्यापासून खेळते आहे. दिवसभर मी ज्या प्रश्नांशी झगडते तेच प्रश्न रात्री गेममधल्या जहाजात शिरलं की समोर दिसतात. माणूस इथून वळेल का, सामान कुठे ठेवेल, आग लागली तर कुठून बाहेर पडेल. म्हणून या विषयावर बोलायचा मला थोडा अधिकार आहे असं मी समजते.

गेल्या उन्हाळ्यात शहरातल्या एका संस्थेचं वार्षिक प्रदर्शन पाहायला गेले होते. एका दालनात नुसती जहाजं होती. त्यातल्या एका खासगी यॉटसमोर मी बराच वेळ उभी राहिले. दोन मजले उंच दिवाणखाना, काचेचा गोल जिना, काळ्या संगमरवराचा बार आणि वर पितळी झुंबर. काम अप्रतिम होतं. बारच्या कडेला लोक जिथे कोपर टेकतील तेवढ्याच पट्ट्यात पितळ किंचित उजळलेलं होतं. वापराने वस्तू कशी झिजते हे त्या मुलाने नीट पाहिलेलं आहे, हे तेवढ्यावरून कळत होतं. पण बारच्या मागच्या फळीवर बाटल्या नुसत्या उभ्या होत्या. पुढे आडवी दांडी नाही, खाली खोबण नाही. जहाज जरा वळलं की सगळ्या बाटल्या पाहुण्यांच्या अंगावर. मी त्याला विचारलं, "बारमन झोपतो कुठे?" तो अजिबात गडबडला नाही. म्हणाला, "मॅडम, ब्रीफमध्ये एक हीरो इंटीरियर आणि एक बाहेरचा शॉट एवढंच मागितलं होतं."

त्याचं उत्तर रास्त होतं. ब्रीफमध्ये, म्हणजे असाइनमेंटच्या सूचनांत, जे मागितलं ते त्याने दिलं, आणि उत्तम दिलं. म्हणूनच हे पत्र मुलांना न लिहिता तुम्हाला लिहिते आहे. त्या दालनातल्या जवळजवळ प्रत्येक जहाजात सोफे होते, बार होते, मोठमोठ्या काचा होत्या. संडास मला एकाही जहाजात दिसला नाही. शिडी, फायर एक्स्टिंग्विशर, फिल्टर बदलायची झडप, कपडे वाळत घालायची दोरी, यातलं काहीच नव्हतं.

विलासाबद्दल माझी काही तक्रार नाही. गेममध्ये सुंदर जहाज घेऊन हिंडायला मलाही आवडतं. तक्रार आहे ती फुकट मिळालेल्या विलासाबद्दल. झुंबर लावलं तर जहाजाने त्याची कुठेतरी किंमत मोजली पाहिजे. जागा गेली पाहिजे, वेग गेला पाहिजे, माणसं कमी झाली पाहिजेत, नाहीतर रोज कुणालातरी ते पुसावं लागलं पाहिजे. ती किंमत दिसली की झुंबर खरं वाटतं आणि त्याचा मालकही खरा वाटतो.

हे आकड्यांच्या पातळीवर सगळ्यात नेटकं जमलेलं मला एलीट डेंजरसमध्ये दिसतं. २०१४ सालची गेम. तिथे जहाजाच्या पोटात ठरावीक मापाचे खण असतात. एका खणात मालाचं रॅक बसवा, इंधनाची जादा टाकी बसवा, नाहीतर प्रवाशांची केबिन बसवा. केबिन चार दर्जांच्या : इकॉनॉमी, बिझनेस, फर्स्ट आणि लक्झरी. दर्जा चढेल तशी त्याच खणात मावणारी माणसं कमी होतात. लक्झरी केबिन तर फक्त सॉड क्रूगर या गेममधल्या कंपनीच्या डॉल्फिन, ओर्का, बेलुगा अशा प्रवासी जहाजांतच बसते. श्रीमंत पाहुणा हवा असेल तर आधी त्याच्या तोलामोलाचं जहाज घ्या. त्यातलं बेलुगा इतकं मोठं की त्याला मोठाच लँडिंग पॅड लागतो. लहान चौक्यांवर ते उतरूच शकत नाही. शिवाय पाहुण्यांचे रुसवेफुगवे. वाटेत जहाजाला मार बसला की ते चिडतात आणि फारच चिडले तर एस्केप पॉडमधून निघून जातात. तुमचं भाडं गेलं. त्या खोलीतली गादी खेळाडूने कधी पाहिलेली नसते, पण ती किती महाग आहे हे त्याला पक्कं ठाऊक असतं.

याच गेममध्ये उलट बाजूचाही धडा आहे. लॅकॉन कंपनीचं टाइप-७ हे निव्वळ मालवाहू जहाज, नखरा म्हणून काही नाही. पण त्याची उंची जरा जास्त भरते, म्हणून ते मध्यम पॅडवर मावत नाही आणि कितीतरी व्यापारी चौक्या त्याला बंद होतात. वर्षानुवर्षं खेळाडू यावर हळहळत आले आहेत. साधं, राखाडी, पाइप दिसणारं जहाज म्हणजे आपोआप सोयीचं जहाज, असं मुलांना वाटत असेल तर हे उदाहरण वर्गात जरूर दाखवा. कामाचं जहाज ते, जे कामाच्या जागी पोचतं.

एलीटची उणीव एवढीच की जहाजाच्या आत चालता येत नाही. २०२१ च्या ओडिसी विस्ताराने खेळाडूला पाय दिले, पण ते जमिनीवर आणि स्थानकांत. जहाजाच्या आतली खोली तरीही मिळाली नाही.

ती खोली स्टार सिटिझनमध्ये मिळते. २०१२ पासून लोकवर्गणीवर उभी राहत असलेली ही गेम. आजवर ७० कोटी डॉलरांहून जास्त रक्कम खेळाडूंनी तिच्यात ओतली आहे आणि त्यातला मोठा वाटा जहाजांच्या विक्रीचा आहे. तिथे ओरिजिन नावाची कंपनी पांढरी, गुळगुळीत, श्रीमंती जहाजं बनवते, तर ड्रेक उघड्या पाइपांची आणि सोललेल्या रंगाची. ओरिजिनचं ८९० जंप हे २०० मीटरहून लांब यॉट. त्यात बार आहे, डुंबायला पाणी आहे, पाहुण्यांच्या खोल्या आहेत, लहान जहाज ठेवायला स्वतःचं हँगर आहे. मला त्यात सगळ्यात काय आवडतं सांगू? खलाशांच्या खोल्या आणि इंजिनाचा भाग वेगळा काढलेला आहे, आणि तिथे गेलं की मालकाच्या मजल्यावरचा झगमगाट एकदम ओसरतो. ज्याने ते आखलं त्याने बारमनच्या झोपेचा विचार केला होता.

पण तिथेही हिशेब सुटतो तो चालताना. एकट्या माणसाने हे अवाढव्य जहाज घेतलं की पलंगापासून कॉकपिटपर्यंत लिफ्ट आणि कॉरिडॉर ओलांडत जावं लागतं, आणि हल्ला झाला तर पोचेपर्यंत खेळ आटोपलेला असतो. याच गेममध्ये २०२४ पासून माल बऱ्याचदा हाताने चढवावा-उतरवावा लागतो. मालाचं एकक म्हणजे सव्वा मीटर बाजू असलेली पेटी. ती वस्तू खेचणाऱ्या किरणाने उचलायची, रॅम्पवरून आत आणायची, जागेवर बसवायची. हे सुरू झाल्यावर जहाजाचं दार किती रुंद, रॅम्प किती चढा, आतलं वळण किती घट्ट याला एकदम अर्थ आला. कालपर्यंत फोटोत छान दिसणाऱ्या जहाजाकडे आज खेळाडू पेटीच्या नजरेतून पाहतो.

थोडं मास इफेक्ट २ बद्दल. २०१० सालची ही गेम. तिच्यातल्या नॉर्मंडी एसआर-२ या युद्धनौकेत कप्तानाच्या खोलीत मोठं मत्स्यालय आहे. दुकानातून मासे विकत आणता येतात. त्यांना खायला घालायला विसरलात तर मोहिमेवरून परत येईपर्यंत ते मेलेले असतात. एवढीशी गोष्ट, पण त्या मत्स्यालयाची सर कुठल्याही संगमरवरी बारला येणार नाही. ते खोलीत असण्याने खेळाडूवर एक जबाबदारी पडते. जहाजातला पायलट जोकर नव्या जहाजातल्या चामड्याच्या सीट्सवर जीव टाकतो, तेही असंच. मऊ सीट दाखवून कुणाचं तरी मन जिंकायचं होतं, हे कथेतच सांगितलेलं आहे. विलासाला कारण आहे.

स्टारफील्ड या गेममध्ये खोल्या जोडून स्वतःच जहाज बांधता येतं. त्यातल्या स्ट्राउड-एकलंड या कंपनीच्या खोल्या ऐसपैस आणि उंची. पण कुठलीही खोली वाढवली की वस्तुमान वाढतं, आणि इंजिन तेवढं नसेल तर जहाज जड वळतं. हे योग्यच आहे. शिड्या आणि दारं मात्र सुरुवातीला गेम स्वतःच ठरवायची, त्यामुळे हौसेने बांधलेल्या जहाजाचं भूलभुलैया व्हायचं. आत फिरायचा मार्ग शेवटी ठरवला तर काय होतं ते विद्यार्थ्यांना तिथे दहा मिनिटांत दाखवता येईल.

आता एक मुद्दा जो प्रदर्शनात कुणीच बोलत नव्हतं. झुंबराला यंत्रातही वजन असतं. गेम सेकंदाला ६० चित्रं दाखवत असेल तर एका चित्रासाठी कॉम्प्युटरकडे साडेसोळा मिलिसेकंदांच्या आसपास वेळ असतो. तेवढ्यात सगळं उरकायचं. काचेमागे काच, तिच्यामागे पुन्हा काच असली की ग्राफिक्स कार्डाला तीच जागा थरावर थर रंगवावी लागते. भिंतीला खरा आरसा लावला की खोली पुन्हा एकदा काढावी लागते. सावली पाडणारा प्रत्येक दिवा वेगळा भुर्दंड. काचेचा जिना, झुंबराचे शेकडो लोलक, संगमरवरातलं प्रतिबिंब आणि डुंबायचं पाणी हे सगळं एकाच खोलीत कोंबलं तर ती खोली खेळण्यासाठी उरत नाही, फक्त रेंडरसाठी उरते. आपल्याकडे हप्त्यांवर घेतलेल्या साध्या लॅपटॉपवर खेळणारी मुलं कितीतरी आहेत. त्यांच्या मशीनवर त्या दिवाणखान्यात शिरलं की चित्र अडखळत चालणार. कलाकाराने ठरवायला हवं की या खोलीत झुंबर हवं तर आरसा नको. खऱ्या जहाजाच्या अभियंत्यालाही असंच ठरवावं लागतं.

गेममधली सोय आणि वास्तवातली सोय एक नसते, हेही मला मान्य आहे. खांद्यामागून पाहणाऱ्या कॅमेऱ्याला छत उंच लागतं आणि कॉरिडॉर खऱ्यापेक्षा रुंद लागतो. अरुंद जागेत साथीदार पात्रं दारात अडकून बसतात. म्हणून पाणबुडीसारखं कोंदट जहाज खेळायला वैतागवाणं होऊ शकतं. पण हे सगळं कळण्यासाठीसुद्धा आधी नकाशा आणि त्यात चालणारा साधा पुतळा लागतो. रेंडरमधून हे कळत नाही.

खऱ्या अंतराळात काय झालं ते मुलांना शिकवलं जातं का, मला माहीत करून घ्यायचं आहे. कारण तिथे विलास आणि सोय यांची सीमा कुठे असते हे माणसांनी जिवावर बेतून शोधलं आहे.

अमेरिकेचं स्कायलॅब हे स्थानक मे १९७३ मध्ये वर गेलं. त्याआधी काही वर्षं रेमंड लोवी हे औद्योगिक डिझाइनर नासाला सल्ला देत होते. त्यांनी आग्रह धरलेल्या गोष्टी आज साध्या वाटतात. बाहेर पाहायला खिडकी. एकत्र बसून जेवायची जागा. प्रत्येकाला झोपायला स्वतःचा कोपरा. अभियंत्याच्या हिशेबात खिडकी म्हणजे वजन, आणि वर कवचाला भोक. तरीही जेवणाच्या जागेला खिडकी मिळाली. टेबल त्रिकोणी ठेवलं, कारण माणसं तीन होती आणि कुणीच टेबलाच्या डोक्याशी बसायला नको होतं. त्या स्थानकात शेवटची तुकडी ८४ दिवस राहिली. ८४ दिवस त्याच दोघांची तोंडं पाहत जेवायचं असेल तर टेबलाच्या आकाराला आपण चैन म्हणणार का?

आणि गॅलिना बालाशोवा. माझ्या मते अंतराळयानाची असाइनमेंट देणाऱ्या प्रत्येक वर्गात या बाईंचं नाव घेतलं गेलं पाहिजे. त्या वास्तुविशारद. सोव्हिएत रशियात कोरोल्योव्ह या रॉकेट-अभियंत्याच्या ब्युरोत काम करायच्या. साठच्या दशकात सोयूझ यानाच्या कक्षीय कक्षाचं अंतर्गत डिझाइन त्यांच्याकडे आलं. तो कक्ष म्हणजे जेमतेम एक खोली, तीही गोलसर. तिथे वर-खाली नसतं, माणूस तरंगत असतो. बालाशोवांनी तरीही जमिनीला गडद रंग दिला आणि छताला फिका, म्हणजे डोळ्यांना वर कुठे आणि खाली कुठे ते कळेल आणि मन थाऱ्यावर राहील. भिंतीशी सोफ्यासारखं आसन आणि उपकरणं मावतील असं घरच्या कपाटासारखं कपाट. आणि भिंतीवर लावायला त्यांनी स्वतः जलरंगात निसर्गचित्रं काढली. परतताना सोयूझचा तो कक्ष सुटा होतो आणि वातावरणात जळून जातो. त्यांची चित्रंही त्याबरोबर जळून गेली.

एका कागदाचं वजन ते किती. पण जिथे ग्रॅमग्रॅमचा हिशेब चालतो तिथे कुणीतरी ते वजन मंजूर केलं होतं. मला वाटतं, अंतराळातला सगळ्यात खरा विलास तो कागद आहे. राकेश शर्मा १९८४ मध्ये गेले तेही सोयूझमधूनच. आपल्या मुलांना हा धागा परका वाटायचं कारण नाही.

आजच्या आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात माणसांना वावरायला ३८८ घनमीटर जागा आहे आणि झोपायची खोली टेलिफोन बूथएवढी. २०१० मध्ये तिथे कपोला बसवला गेला, सात खिडक्यांचा घुमट. कागदोपत्री त्याचं काम यांत्रिक हात चालवताना आणि यानं जवळ येताना बाहेर पाहायचं. पण अंतराळवीर फुरसत मिळाली की तिथेच जाऊन बसतात. शुभांशु शुक्ला २०२५ मध्ये गेले तेव्हाचे त्यांचे कपोलातले फोटो आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. एकाच खिडकीने काम आणि आनंद दोन्ही भागवले. मुलांच्या जहाजांतल्या भिंतभर काचांकडे पाहताना माझ्या मनात हेच येतं. इथे उभं राहून कोण काय पाहणार आहे, आणि का?

लांब कशाला जायचं, आपल्या पुणेकरांच्या रोजच्या वापरात याचा फार चांगला नमुना आहे. डेक्कन क्वीन. १ जून १९३० ला ही गाडी सुरू झाली तेव्हा सात-सात डब्यांचे दोन संच होते, एक चंदेरी, दुसरा निळा, आणि फक्त पहिला आणि दुसरा वर्ग. सरळ सरळ श्रीमंतांची गाडी. तिसरा वर्ग यायला १९५५ उजाडलं. पुढे ती पासवाल्यांची झाली, खचाखच भरू लागली, डबे बदलले, २०२२ मध्ये नवे एलएचबी डबे आले. पण टेबलाशी बसून खायचा डायनिंग कार टिकला. विचार करा, त्या एका डब्याच्या जागी किती सीटा बसल्या असत्या. आणि तो डबा रोज बोरघाट चढतो. १ : ३७ चा चढ, मागे कर्जतहून जोडलेली बँकर इंजिनं. त्या टेबलांचं वजन दररोज कुणीतरी खरोखर ढकलतं. तरी तो डबा राहिला, कारण त्याच भटारखान्यातून बाकीच्या गाडीलाही चहा आणि कटलेट जातात. टेबलावर बसणारा आणि दाराशी उभा राहणारा एकाच शेगडीवरचं खातात. एखाद्या विद्यार्थ्याने आपल्या यॉटचं स्वयंपाकघर असं दोन्ही मजल्यांना जोडलेलं दाखवलं, तर त्या एका रेषेत त्या जहाजातला समाज दिसेल.

माझ्या कामातलंही एक सांगते. काही वर्षांपूर्वी एका ग्राहकासाठी आम्ही स्लीपर बसचं छत केलं होतं. रंगीत दिव्यांच्या पट्ट्या, मखमली कापड, फोटो झकास. गाडी रस्त्यावर गेल्यावर कळलं की एसीचा फिल्टर काढायला आधी दिव्याची अख्खी पट्टी उतरवावी लागते. डेपोत कुणाला तेवढा वेळ नसतो. फिल्टर तसेच राहिले, धूळ साचली, वास येऊ लागला, आणि त्या मखमलीखाली झोपणाऱ्यांनी गाडी बदलून मागितली. रेखाचित्रावर झडपेचा एक चौकोन आधी आखला असता तर हे टळलं असतं. बसच्या बांधणीसाठी आपल्याकडे एआयएस-०५२ ही नियमावली आहे. संकटकाळी बाहेर पडायचे मार्ग तिथे सक्तीचे आहेत. मुलांच्या जहाजांना अशी सक्ती कुणी करत नाही, म्हणून ती तुम्ही करा.

तुमच्यातले काही म्हणतील की नोकरी रेंडर पाहून मिळते, नकाशा कोण बघतो. काळजी खरी आहे, मी ती हलकी मानत नाही. मुलांनी फी भरलेली असते, घरी कर्ज असतं. पण जहाज बांधणाऱ्या टीममध्ये नुसते रंग भरणारे नसतात. खोल्यांची मांडणी ठरवणारे असतात, पात्रं कुठून चालतील ते ठरवणारे असतात, फ्रेम रेटवरून, म्हणजे सेकंदाला किती चित्रं दिसतात त्यावरून, भांडणारे असतात. ज्याच्या पोर्टफोलिओत एका जहाजाचा नकाशा, त्यावरून केलेला करड्या ठोकळ्यांचा कच्चा आराखडा आणि मग रेंडर असेल, त्याच्याशी या सगळ्यांना बोलता येईल. आणि एफटीएलसारखी २०१२ ची लहानशी गेम आठवा. वरून दिसणारा सपाट नकाशा, ठिपक्यांएवढी माणसं. आग लागली की बाहेरची दारं उघडून हवा सोडून द्यायची, आग विझते, पण त्या खोलीतला माणूसही गुदमरतो. त्यात झुंबर नाही, चामडं नाही. तरी ज्याने ती खेळली आहे त्याला आपल्या जहाजातली प्रत्येक खोली आणि प्रत्येक दार पाठ असतं. तो नकाशा म्हणजेच ती गेम.

तर पुढच्या ब्रीफमध्ये काय असावं? माझ्या मते आधी माणसं ठरवायला सांगावीत. मालक कोण, खलाशी किती, ते किती दिवस बाहेर राहणार. मग नकाशा, त्यावर माणसाचा पुतळा, आणि पलंगापासून खुर्चीपर्यंत, खुर्चीपासून संडासापर्यंत, स्वयंपाकघरापासून टेबलापर्यंत काढलेल्या वाटा. नोकराची वाट मालकाच्या वाटेला कुठे छेदते ते वेगळ्या रंगात. विलास हवा तेवढा करू द्या, फक्त प्रत्येक चैनीच्या वस्तूशेजारी लिहायला लावा की तिच्यासाठी काय सोडलं. इंधन, माल, एक बंक, की फ्रेम रेट. आणि परीक्षा घेताना, परीक्षकहो, पहिला प्रश्न रंगसंगतीवर नको. "इथली साफसफाई कोण करतं आणि त्याची बादली कुठे असते?" एवढं विचारून पाहा. ज्याला उत्तर देता येईल त्याचं जहाज तुम्हाला त्या क्षणापासून वेगळं दिसेल.

जमलं तर मुलांना एकदा एसटीच्या दापोडीच्या कार्यशाळेची परवानगी काढून द्या. उघडी पडलेली गाडी, तिच्या पोटातल्या तारा, सीटखालची जागा, हे पाहिलेला विद्यार्थी पॅनेलच्या रेषा उगाच काढत नाही. ती पॅनेल कुठून उघडते ते त्याला माहीत असतं.

माझ्याकडून एक गोष्ट देऊ करते. सत्र सुरू झाल्यावर कुठल्याही शनिवारी मी तुमच्या संस्थेत यायला तयार आहे, मानधन नको. मुलांनी आपापल्या जहाजाचा एक मजला निवडावा, तो आपण जमिनीवर खऱ्या मापात आखू आणि प्रत्येकाने स्वतःच्या जहाजातून एकदा चालून पाहावं, हातात चहाचा ट्रे घेऊन. जागा म्हणून मागचं पार्किंग चालेल. खडू आणि मोजपट्टी मी घेऊन येईन, ट्रेची सोय तेवढी तुमच्या कँटीनमधून करा.

आपली नम्र,
बसच्या अंतर्भागाची एक डिझाइनर
चिंचवड, पुणे